ज्वारीच्या ताटाचा छेद

नामदेव गेल्याचं मला वाशीमच्या बसस्टँडवर कळलं. केनवडच्या गाडीतून उतरलेल्या त्याच्या चुलतभावाने सांगितलं, काविळीने पाहता पाहता नेलं. मी हातातलं पुस्तक मिटलं...

कॉलेजात आम्ही वसतिगृहाच्या एका खोलीत राहायचो. मी कलाशाखेचा, व्हरांड्यात येरझारा घालत मोठ्याने पाठ करायचो. तो विज्ञानाचा, आणि त्याला पाठांतर जमतच नसे. "आयकलेलं माह्या डोक्यात टिकत नाई बापा. हातात आलं म्हंजे समजते," म्हणायचा. माझे इतिहासातले तह ऐकून त्याला हसू येई. तुझे राजे तुला तरी दिसतात का, असं विचारायचा.

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ज्वारीच्या ताटाचा, म्हणजे खोडाचा, पातळ छेद घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि दिसेल ते जर्नलमध्ये काढायचं, असा नियम होता. प्रत्यक्षात सर फळ्यावर आकृती काढत, मुलं ती उतरवून सही घेत. सूक्ष्मदर्शकाची पेटी सहसा उघडतही नसे. नामदेवने ती मागून घेतली. दाढीच्या पात्याने छेद घेत तो तास संपेपर्यंत बसला आणि दिसलं ते काढलं... एका कडेने किडीने पोखरलेलं ताट.

"फळ्यावरची काढ," सर म्हणाले.

"पण सर, मले हे दिसलं."

"तुला काय दिसलं ते विद्यापीठ विचारत नाही."

वर्ग हसला. सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि वर्ष गेलं की शिष्यवृत्ती बंद. खोलीवर आम्ही सगळ्यांनी त्याला समजावलं. कितीसं काम होतं ते. तो एवढंच म्हणाला, "मंग पाह्यलं कायले?" त्याने ती आकृती काढली नाही. वर्ष गेलं, शिष्यवृत्ती गेली, विज्ञानही गेलं. पुढे तो शिरपूरच्या शाळेत गुरुजी झाला.

त्या शाळेतल्या शोकसभेला तेच सर आले, आता प्राचार्य होऊन. वंदना झाली, फोटोला हार घातला गेला. निरीक्षणाची सवय या माझ्या लाडक्या विद्यार्थ्याला मीच लावली, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. त्या भिजलेल्या आवाजाची, डोळ्यांना लावलेल्या त्या परीटघडीच्या रुमालाची मला शिसारी आली. त्या सभेत जो नामदेव उभा केला गेला, तोही फळ्यावरचाच होता. समोरचा चहा बाजूला सारला. मी उठून बाहेर आलो.

मागच्या आठवड्यात त्याचं सामान त्याच्या आईकडे पोचवायचं म्हणून पुन्हा शाळेत गेलो. त्याच्या वर्गावर नवे गुरुजी आले होते. फुलाचे भाग हा धडा होता. पुस्तकं काढा, ते म्हणाले. पोरं पुस्तकं न काढताच उठली आणि दाराकडे निघाली. कुठे चाललात म्हणून गुरुजी खेकसले.

"फूल आनाले, गुरुजी," पुढची मुलगी म्हणाली. "पयले पाहू, मंग वाचू."

गुरुजींनी फळ्याकडे बोट दाखवलं आणि बसा म्हणाले.

कुणीही बसलं नाही.