विणकराला बोलते करणारे मास्तर

गोविंदराव मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. मी शहापूरच्या विणकराचा मुलगा; घडले तेवढे सांगतो.

बेळगावच्या आमच्या शाळेत, पुढे पोटापाण्याचे काय करणार, हे मुलांना विचारणारे मास्तर एकटेच. पहिल्याच तासाला त्यांनी मला विचारले, "पुढचे सहा महिने तुमच्या घरी काय विणायचे, हे कोण ठरवतो?" पुढे ते आम्हांला निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत घेऊन गेले. शेतात रोपही लागले नव्हते, तरी व्यापारी पोती, गाड्या आणि हमाल ठरवत बसले होते. येताना चिकोडीला मास्तरांनी सर्वांना पोटभर जेवू घातले आणि स्वतः उपास सांगून बसले. त्या दिवशी कसलाही उपास नव्हता, हे आम्हांला मागाहून कळले.

मग प्रत्येकाने घरच्या धंद्याची आखणी लिहायची होती. मी शाळेतले इंग्रजी कॅलेंडर पुढ्यात घेतले आणि चारही माग लग्नाच्या भारी लुगड्यांना लावले. मास्तरांनी 'उत्तम' असा शेरा देऊन सही केली. घरी आप्पा, म्हणजे माझे वडील, कागद ऐकून घुटमळले. "यंदा वैशाख अधिक हाय न्हवं रं?" मी सहीवर बोट ठेवले. आप्पांनी कागदाप्रमाणे माग लावले.

अधिक महिन्यात लग्ने नसतात, हे का कुणाला सांगायला हवे! तो सबंध महिना भारी लुगडी घरात पडून राहिली. रोजच्या वापराची लुगडी नेणारा आमचा ठरलेला दुकानदार रिकाम्या हाताने गेला, तो दुसऱ्या विणकराकडचाच झाला. "पुरं झाली शाळा," आप्पा म्हणाले, "उद्यापासनं मागावर बस." मॅट्रिकला एकच वर्ष उरले होते. मी रडलो.

दुसऱ्याच दिवशी मास्तर आमच्या दारात. सगळे ऐकून उभ्यानेच म्हणाले, "सही माझी, चूक माझी. पण आप्पा, तुम्हांला तर अधिक महिना ठाऊक होता?"

"ठावं हुतं की. पर तुमची सही हुती. शिकल्याल्या माणसाम्होरं आमी काय बोलायचं?"

मास्तर मागाच्या कडेला खालीच बसले. म्हणाले, "तुम्ही बोलला नाहीत, ही माझ्या शिकवण्याची हार आहे. सोमवारी वर्गात या, धंदा कसा ठरवता ते मुलांना सांगा. आणि याला शाळेत येऊ द्या."

आप्पा धुतलेले धोतर नेसून गेले. खुर्चीवर काही बसले नाहीत. सूत कधी घ्यायचे, रंगाऱ्याकडे कधी टाकायचे, एक माग कायम रोजच्या लुगड्यांना का ठेवायचा, हे त्यांनी उभ्याने सांगितले. मास्तर पहिल्या बाकावर बसून उतरवून घेत होते. माझी शाळा सुटली नाही; आज मी तिथेच शिकवतो. घरच्या कामकऱ्या माणसाने ऐकून होकार दिल्याशिवाय मास्तर पुन्हा कोणत्याही आखणीला 'उत्तम' म्हणाले नाहीत.

परवा हा लेख आप्पांना वाचून दाखवला. मास्तर चौथ्या दिवशी आले, असे मी लिहिले होते. आप्पांनी माग थांबवला. "चुकलास रं. दुसऱ्याच दिशी आलते. नीट लिव्ह." मी खोडून नीट लिहिले. शिकलेल्या माणसासमोर आप्पा आता बोलतात. ज्यांनी त्यांना बोलते केले, त्या मास्तरांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो.