उरलेल्या आयुष्याचा खर्च काढणारी माझी नणंद

माझी नणंद ओडील लग्नात नाचणाऱ्या माणसाकडे बघून त्याच्या गुडघ्याची किंमत सांगते. चर्चमध्ये म्हातारी मंडळी प्रार्थनेला वाकली की ही माझ्या कानाला लागते, "तो डावीकडचा बघ वहिनी. खुब्याचा सांधा बदलणार. पुढे तीन महिने संडासला धरून न्यायला माणूस." फादरनी एकदा तिच्यावर डोळे वटारले, तर बाहेर पडताना तिने त्यांच्याच पाठीबद्दल मत दिलं.

तिचा धंदाच तो. अपघातात माणूस मोडला आणि त्याने कंपनीवर दावा लावला, की कोर्टाला विचार पडतो, याला मरेपर्यंत औषधपाण्याला आणि सेवेला किती लागणार? भरपाई एकदाच मिळते. नंतर कमी पडली म्हणून परत हात पसरता येत नाही. म्हणून ओडीलसारखी माणसं आधीच सगळं मांडून ठेवतात. चाकाची खुर्ची किती वर्षांनी बदलायची, तिच्या बॅटऱ्या, हवेची गादी, लघवीच्या नळ्या, हातमोजे, सगळं. पूर्वी ती लुळ्या पडलेल्या माणसांच्या वॉर्डात नर्स होती. मी तिचे अहवाल टाइप करते आणि तिची गाडी चालवते, कारण तिने स्वतः चालवली तर आणखी दोन-चार दावे उभे राहतील.

आमच्या लुइझियानाच्या खाडीकाठी निम्मे पुरुष तेलाच्या कामावर समुद्रात असतात. आल्सीद वेरे सामान नेणाऱ्या बोटीवर होता. क्रेनचा पट्टा तुटला आणि पाइपांची मोळी त्याच्या मानेवर आली. मानेखालचं सगळं गेलं, जीभ तेवढी राहिली, आणि ती मुळातच तिखट होती. रात्री त्याला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या.

कंपनीच्या वकिलाने त्याच्या बायकोला, अर्लीनला, शपथेवर विचारलं, "रात्री यांचं कोण करतं?"

"मी करते. माझ्या घरात परकं माणूस माझ्या नवऱ्याला हात लावणार नाही. आम्ही वेरे आहोत, आमचं आम्ही बघतो."

वकिलाला इतका आनंद झाला की त्याने तिच्यासाठी कॉफी मागवली. आमच्याकडे कोणी आजारी पडलं तर सगळी आळी गंबोचे, म्हणजे मासे-मटणाच्या दाट रश्श्याचे, टोप घेऊन दारात उभी राहते, पण आपल्या माणसाच्या सेवेला पगारी बाई ठेवणं म्हणजे नाक कापून घेणं. अर्लीनने नाक वाचवलं. कंपनीच्या तज्ज्ञाने आपल्या आराखड्यात रात्रीच्या सेवेपुढे शून्य लिहिलं आणि वर आल्सीदला साठीच्या आतच मारून टाकलं. माणूस लवकर मेला की स्वस्त पडतो.

रात्रीच्या माणसाचे पैसे या दाव्यात मिळाले नाहीत, तर ते कधीच मिळणार नव्हते. आणि अर्लीन काही दिवसेंदिवस तरुण होणार नव्हती.

आल्सीदच्या वकिलाने आराखड्यासाठी ओडीलला नेमलं होतं. ती घर बघायला येणार म्हणून वेरे मंडळींनी शनिवारी अंगणात क्रॉफिश उकडायला घातले. क्रॉफिश म्हणजे शेवंडाची चिखलात वाढलेली गरीब भावंडं. लांब टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली, वाफाळता लाल ढीग ओतला आणि सगळे तुटून पडले. टेबलाच्या टोकाला आल्सीद खुर्चीत होता आणि त्याचा थोरला भाऊ क्लोव्हिस त्याला भरवत होता.

"मिस ओडील, तुमच्या कागदावर मी कधी मरतो?" आल्सीदने विचारलं.

"अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी."

"आणि त्यांच्या?"

"एकोणसाठ."

"मग मला तुमच्याच कागदावर मरायचंय."

सगळे हसले. क्लोव्हिस छाती काढून म्हणाला, "कागद कशाला पाहिजेत? आम्ही भाऊ मेलोय का?"

"बरं," ओडील बोटं चाटत म्हणाली. "मंगळवारी रात्री त्याला कोण वळवतं?"

"मंगळवारी मी समुद्रावर असतो ना. पण हाक मारली तर..."

"समुद्रातून पोहत येणार?"

धाकटा नोलन हातातल्या क्रॉफिशकडे बघत म्हणाला, "माझी पाठ गेलीय. पण आमची ही गंबो पाठवते."

"गंबो सगळेच पाठवतात रे. गंबो त्याला कुशीवर वळवतं का?"

मला वाटलं, आता ही इथून मार खाऊन जाणार. पण ओडीलचं लक्ष भावांवर नव्हतंच. ती अर्लीनकडे बघत होती. अर्लीनच्या पुढचा ढीग तसाच होता. क्रॉफिश खायचा तर दोन्ही हातांनी पिळून शेपूट वेगळी करावी लागते. आमच्याकडे पोरं चालायच्या आधी ते शिकतात. अर्लीनचा उजवा हात मांडीवर पडून होता आणि ती नुसते बटाटे खात होती.

"खांदा कधीपासून गेलाय, अर्लीन?"

"काही नाही गेला. भूक नाही मला."

"खाडीकाठची बाई क्रॉफिशला नाही म्हणते, तेव्हा ती मेलेली तरी असते नाहीतर तिचा खांदा तरी गेलेला असतो. आणि तू बटाटे खातेयस."

अर्लीन उठून आत जायला निघाली.

"बस खाली," आल्सीद म्हणाला. "मिस ओडील, इतके दिवस सगळ्यांना विचारलंत. मला कोणी विचारलंच नाही."

"मग तू सांग."

"मला रात्री परकं माणूस पाहिजे. पगारी. मला चिडायचं असतं हो! हे मेलेले पायसुद्धा पेटल्यासारखे होतात, झोप लागत नाही, शिव्या द्याव्याशा वाटतात. हिच्यावर ओरडलो की ही मोरीत जाऊन रडते, नळ सोडून. मला ऐकू येतं. मानेखालचं गेलंय माझं, कान नाही गेले."

अर्लीन ढिगाकडे बघत राहिली. मग डाव्या हाताने एक क्रॉफिश उचलून तिने ओडीलपुढे टाकला. "सोलून दे," ती म्हणाली. ओडीलने सोलून दिला. मला तेव्हा भडभडून आलं आणि मी त्याचं खापर मिरचीवर फोडलं.

खटल्याच्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं. क्लोव्हिस आणि नोलन इस्त्रीचे शर्ट घालून पुढच्याच बाकावर. रात्री पगारी माणूस लागतंच, अशी अर्लीनने नवी जबानी दिली, तसा कंपनीचा वकील उठला. "बाई, शपथेवर तुम्ही आधी वेगळं सांगितलंत. तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

"तेव्हा."

"का?"

अर्लीन वकिलाकडे नाही, दिरांकडे बघून बोलली. "लाज वाटत होती म्हणून. भावजी, मला जमत नाही. तुम्हालाही जमत नाही. आपण सगळे मिळून त्याच्या पाठीला जखमा पाडतोय."

क्लोव्हिसने मान खाली घातली. एवढा दांडगा माणूस, बाहीने नाक पुसत होता. मग ओडीलची साक्ष झाली. ती इतकी रटाळ होती की ज्यूरीतल्या एकाला डुलकी लागली. गादी, नळ्या, बॅटऱ्या, खुर्ची, परत गादी. पण ज्यूरीने रात्रीचं माणूस दिलं, आणि आल्सीदला अठ्ठ्याहत्तरपर्यंत जगवलं.

रात्रपाळीची बाई रुजू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खुर्चीचं माप घ्यायला गेलो. अर्लीनने त्या बाईसाठी आधीच घर घासून पुसून ठेवलं होतं आणि मोठा टोपभर गंबोही केला होता, म्हणजे खोड काही गेली नव्हती. आल्सीद खिडकीशी बसला होता. अर्लीन कुठे दिसेना.

"कशी काय गेली रात्र?" ओडीलने विचारलं.

"झकास. त्या बाईला पोटभर शिव्या घातल्या. तिने मला त्याहून घाण घातल्या."

"आणि अर्लीन?"

"हळू बोला," आल्सीदने आतल्या दाराकडे डोळे वळवले. "अजून झोपलीय. रात्रभर घोरत होती हो. अपघातानंतर मी तिला घोरताना ऐकलंच नव्हतं."

ओडीलने मापाची टेप परत पर्समध्ये टाकली आणि आम्ही पाय न वाजवता बाहेर पडलो.