वायपरखालच्या झेंडूच्या पाकळ्या

काही तपास निवृत्तीनंतरही मनातून जात नाहीत. अंबडच्या परदेशी गाडीचा तपास त्यातलाच.

सुरुवात खबऱ्याच्या फोनने झाली. "साहेब, एक दलाल जपानच्या जुन्या गाड्या इकून राह्यलाय. लई स्वस्त. जल्दी बघा."

स्वस्त म्हटल्यावर मी सावध झालो. वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच लागते आणि सीमाशुल्क गाडीच्या किमतीपेक्षा जास्त बसते. त्यावर आरटीओची नोंदणी आणि रस्ता कर. एवढे भरून कोणी स्वस्त कशी विकेल?

दलालाला उचलले. त्याने दिलेली सीमाशुल्काची पावती खोटी निघाली. तेव्हा तो बेधडक म्हणाला, "कागदं बाईंनीच बनवली. त्या माझ्या भागीदार हायत."

बाई म्हणजे अंबडच्या एक शिक्षिका. गाडी त्यांच्या दारात उभी, नोंदणीच्या अर्जावर सही त्यांची. वरून अटकेची घाई सुरू झाली. अटक म्हणजे निलंबन, आणि घर त्यांच्याच पगारावर.

मी आधी गाडीचा पंचनामा केला. माझा क्रम ठरलेला: बाहेर, आत, बॉनेट, डिकी. दिसेल ते सगळे लिहायचे. बॉनेट उघडल्यावर वायपरखालच्या जाळीत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या आणि कुंकवाच्या अक्षता सापडल्या.

हवालदार हसले, "साहेब, फुलं पण मुद्देमालात घ्यायची का?"

"घ्या."

ठाण्यात दलालाला समोर बसवले.

"बंदरातून गाडी कुठे नेली?"

"कुठंच न्हाई. ट्रकवर घातली, बराबर बाईंच्या दारात उतरवली."

"मग ही पूजा कोणी केली?"

"बाईंनीच की साहेब! गाडी आल्यावर नारळ फोडत न्हाईत असं घर हाय का?"

मी बाईंना आत बोलावले. पूजेची गोष्ट ऐकून आणि अक्षता पाहून त्या दलालाकडे वळल्या. "काय हो भाऊ, माझ्या बैठकीत बसून चहा पिलात ना? समोरची बुद्धमूर्ती दिसली न्हाई? छप्पन सालापासून आमच्या घरात हळदकुंकू न्हाई, नारळ न्हाई. त्रिशरण म्हणून किल्ली घेतली आम्ही."

दलालाचा चेहरा उतरला. मी एवढेच विचारले, "जपानात खंडेनवमी करतात का रे?"

मग तो बोलू लागला. गाडी शेजारच्या राज्यातून चोरलेली, पूजा मूळ मालकाची. एमआयडीसीमागच्या एका शेडमध्ये चेसिसचा नंबर घासून नवा ठोकलेला. त्याच शेडमध्ये आम्हाला खोटे शिक्केही मिळाले. बाई भागीदार नव्हत्याच, पैसे मोजून फसलेल्या गिऱ्हाईक होत्या.

आपल्या घरात होते ते सगळ्यांच्या घरात होते, असे त्याने धरले. तपास करणारा अधिकारीही याच चुकीत सहज पडतो. पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला मी हे सांगत आलो.

दोषारोपपत्रात बाईंचे नाव साक्षीदारांत गेले. गाडी मात्र गेली. जबाबावर सही करून त्यांनी विचारले, "साहेब, आता शाळेत जाऊ का?"

सेवेत मी पुष्कळ अटका केल्या. पण अभिमान वाटतो तो या न केलेल्या अटकेचा.