अख्खा विठ्ठल

कुंभकोणमच्या बायकांच्या जिममध्ये मला रोज एक बाई दिसत. माझ्यासारख्याच काटकुळ्या. डंबेल उचलताना त्या दर खेपेला ‘विठ्ठल’ म्हणत. शेवटच्या खेपेला दम संपून नुसतंच ‘विठ्’ निघे.

“नुसतं उचलून काय होणार? कडधान्यं खा!” ट्रेनर आम्हा दोघींवर ओरडायची. बाई मान डोलवत.

नवरात्रात इथे घरोघरी बाहुल्या मांडतात आणि भेटायला येणाऱ्या बायकांना सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली चण्याची उसळ, देतात. एका संध्याकाळी बाई मला बरोबर घेऊन निघाल्या आणि प्रत्येक घरी दुसऱ्यांदा मागून खाऊ लागल्या. मी लाजेने बाहुल्यांकडेच बघत बसले.

बाहेर पडल्यावर विचारलं, “अहो, बरं दिसतं का हे?”

इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या जुन्या वळणाच्या मराठीत त्या म्हणाल्या, “घरीं सर्वांस वाढून मी जेवायास बसतें, तेव्हां पातेल्यांत डाळीचें पाणीच उरतें. येथें मज कोणी वाढीत आहे. पुरे कशास म्हणूं?”

पुढच्या घरी मीही द्रोण पुन्हा पुढे केला.

दसऱ्यानंतर जिम उघडली. बाईंची शेवटची खेप आली, आणि भिंतीवरचा आरसा दणाणेल असा अख्खा ‘विठ्ठल’ ऐकू आला.