वाढवलेला कॉम्प्युटर

श्रीवर्धनच्या एका सुपारीच्या पेढीवर मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. जमलं तर राहा, नाही तर घर गाठा. घर समोरच्याच गल्लीत होतं, त्यामुळे धमकीत तसा दम नव्हता. पण हिला जमणार नाही, हे घरच्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून मला ती नोकरी हवीच होती.

हिशेबाचं सॉफ्टवेअर दोन कॉम्प्युटरवर चाले. सगळा डेटा आतल्या खोलीत, काकूंच्या कॉम्प्युटरवर. मी बाहेर बसून माझ्या कॉम्प्युटरवरून तोच उघडायची. काकू पेढीच्या जुन्या कारकून. एक वाजता खोलीला कुलूप घालून त्या घरी जेवायला जात, तीनला येत. मी डबा खाऊन कामाला बसले की स्क्रीनवर यायचं, डेटा सापडत नाही. तीननंतर तो आपोआप सापडायचा.

मालकांचं निदान झटपट होतं. "बिघाड बरा तुझ्याच हातून होतो?"

अलिबागहून सॉफ्टवेअरवाला आला. सकाळी आला, म्हणून सगळं सुरळीत चालत होतं. त्याने फायरवॉल तपासली, वायर बदलली, माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग काकूंना विचारलं, "दुपारी तुमचा कॉम्प्युटर बंद करता का?"

"छे! बंद? कधीच नाही."

काकू खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. तो साडेबाराच्या एसटीने परत गेला.

मुदत संपायला चार दिवस उरले. एकाच्या सुमारास पावतीपुस्तक मागायला आत गेले, तर काकू कॉम्प्युटरवर भरतकामाचं कापड घालून हात जोडत होत्या. खालचा दिवा विझलेला.

"काकू, बंद केलात?"

"बंद काय म्हणतेस गो, धंद्याच्या जागी! वाढवला."

आमच्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात, बांगडीही फुटत नाही, वाढते. हे मला जन्मापासून ठाऊक होतं, तरी तीन महिने सुचलं नाही. रागाने रडू आलं.

संध्याकाळी काकू स्वतःच मालकांपुढे उभ्या राहिल्या. "पोरीचं काही चुकलेलं नाही. मीच वाढवत होते."

चौथ्या दिवशी मालकांच्या सहीचं, काकूंनी टाइप केलेलं पत्र हातात पडलं. 'आपली नोकरी आजपासून वाढविण्यात येत आहे.'

मी ते दोनदा वाचलं आणि आत गेले.

"काकू, वाढवली म्हणजे?"

त्यांनी मान वर केली नाही. "उद्या वेळेवर ये."