आलुबुखार आणि सहा वर्षं

माझी मावशी आलुबुखार शिजवते. हे ऐकलं की लोक म्हणतात, त्यात काय शिजवायचं, सुकं फळ पाण्यात टाकलं की आपोआप फुगतं. मावशी असल्या लोकांशी वाद घालत नाही. हातात एक बरणी देते आणि तीन आठवडे उघडू नका म्हणून सांगते. बहुतेक जण तिसऱ्या दिवशी उघडतात आणि चौथ्या दिवशी रिकामी बरणी घेऊन दारात उभे राहतात.

तिचे नियम थोडे आहेत, पण त्यांत सूट नाही. आधी फळ मऊ करायचं, साखर नंतर. साखर आधी पडली की साल चिवट होते, मग दिवसभर उकळा, चपलेचा तुकडा चावल्यासारखंच लागणार. बी काढायची नाही, कारण बी गेली की फळ पाकात बसकण मारतं. आणि पातेल्यात पळी अजिबात घालायची नाही. पातेल्याचे दोन्ही कान फडक्याने धरायचे आणि ते हलकेच गोल फिरवायचं, म्हणजे फळं न फुटता कूस बदलतात. दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा, सहा मिरीदाणे आणि संत्र्याची साल, आतला पांढरा भाग खरवडून काढलेली. शेवटी वाईन, लाल आणि तुरट. चौकातल्या हॉटेलच्या मेन्यूवर छापलेलं असे, ‘वाईनमधले आलुबुखार’. पैसेवाले लोक ते खाऊन डोळे मिटायचे.

त्यात वाईन नव्हती. मावशीच्या हातचं खाणाऱ्या कोणालाच ते माहीत नव्हतं. माहीत होतं मावशीला आणि मला, कारण हॉटेलच्या मागच्या दारातून रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून आणायचं काम माझं होतं.

याचं मूळ आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान. काका शिवणयंत्रं दुरुस्त करतात. हाताला अशी जाण, की चाक एकदा फिरवून कुठला दात झिजलाय ते सांगतील. याच माणसाने एके काळी गिऱ्हाइकांची यंत्रं दुरुस्तीला घेऊन परत द्यायचं बंद केलं, आणि एक दिवस मावशीचं स्वतःचं यंत्र विकून त्याची दारू ढोसली. तेव्हा मावशी हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होती. नोकरी सोडून तिने काकांना व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन बसवलं. ते चार महिन्यांनी परत आले ते वाळलेले, गप्प, आणि नको तितके नम्र.

हॉटेलवाले म्हणाले, बाई, तुम्ही नसलात तरी आलुबुखार तुमचेच हवेत, घरी करून द्या. मावशी नाही म्हणणार होती. दारू सोडलेल्या माणसाच्या घरात आठवड्याला दोन बाटल्या आणून ठेवायच्या, म्हणजे मांजराला दुधाची राखण. पण काकाच चिडले. म्हणाले, “माझ्यापायी तुझं काम अडायचं नाही. बाटली आण आणि माझ्या समोरच्या फळीवर ठेव. बघू कोण जिंकतं.”

मावशीने बाटली आणली. रिकामी आणली आणि घरी भरली. कडक काळा चहा, गाळून गार केलेला. त्यात काळ्या द्राक्षांचा रस, निम्मा आटवलेला. वर थोडं व्हिनेगर. रंग तोच, तुरटपणा तोच. बूच दाबून तिने ती फळीवर ठेवली आणि देव पाण्यात घालून बसली. शिजवायचं काम तिने बाटलीतल्या त्याच मिश्रणाने केलं. दुसरं होतंच काय घरात? पहिली खेप हॉटेलला गेली. संध्याकाळी फोन आला, की एका जाणकार गिऱ्हाइकाने विचारलंय, वाईन कुठून आणता, फार खानदानी दिसते.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ सहा वर्षं झाकलेली राहिली.

काका मात्र या सहा वर्षांत असह्य झाले. मला ते आवडतात, म्हणून स्पष्ट सांगते. दारू पिणारे काका सहन होत नव्हते, आणि न पिणारे काका ऐकवत नव्हते. यंत्र घेऊन आलेल्या बाईला ते स्क्रूड्रायव्हरने फळी दाखवायचे. “ती बघा. ती तिथं, मी इथं. मधे सहा हात जागा. हात लावला नाही.” कोणाचा मुलगा पितो असं कळलं की त्याच्या घरी जाऊन उपदेश. नुसतं नाकाने कांदे सोलणं. पातेलं चुलीवर चढलं की ते स्वतःहून खालच्या न्हाव्याकडे जाऊन बसायचे. बघणं वेगळं आणि वास वेगळा, असं त्यांचं म्हणणं. न्हाव्याने त्यांचं नाव ‘एक वर्ष’ ठेवलं होतं. पुढे ते ‘दोन वर्षं’ झाले, ‘तीन वर्षं’ झाले, आणि मी सांगतेय त्या सुमारास सगळी गल्ली त्यांना ‘सहा वर्षं’ म्हणत होती. काकांना त्यातली थट्टा कळायची, पण आवडायचंही.

मावशी एकदा मला म्हणाली, “तो त्या बाटलीच्या जोरावर उभा आहे गं. त्याला कळलं की आत चहा आहे, तर मग तो कशाशी लढला? आणि तो कोसळला की पुढे काय होतं, ते मी एकदा बघितलंय.” म्हणून ती गप्प होती. आपण गिऱ्हाइकांना फसवतोय याचं तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण दोन्ही पारड्यांत ठेवलं तर काकांचं पारडं जड होतं.

मग हॉटेलला पन्नास वर्षं पूर्ण व्हायची वेळ आली. नवा मॅनेजर उत्साही होता. त्याने ऐंशी बरण्यांची मागणी नोंदवली आणि मावशीला खर्च नको म्हणून, भल्या हेतूने, बारा बाटल्या खऱ्या वाईनचं खोकं थेट घरी पाठवून दिलं. मावशी बाजारात संत्री घेत होती. खोकं काकांनी घेतलं.

ती परत आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. खोकं स्वयंपाकघराच्या मधोमध होतं, वरची पट्टी कापलेली. काका दारात खुर्ची घेऊन बसले होते. बाटल्या मोजल्या तर बारा. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, तिने मला खालून हाक मारली. मी खाली आले तेव्हा ती पदर खोचून खोकं उचलायच्या तयारीत होती.

“हे आत्ता परत द्यायचंय,” ती मला म्हणाली. “तिकडून धर.”

“का?” काकांनी विचारलं. “सहा वर्षं दोन-दोन आणतेस, आता बारा आल्या. मला काय फरक पडतो?”

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण खुर्ची दाराला अगदी चिकटून होती आणि दोन्ही हात मांड्यांखाली होते. मावशीनेही ते पाहिलं असावं. ती खोकं सोडून सरळ उभी राहिली.

“मला तुला काहीतरी सांगायचंय. तू रागावशील. रागाव, पण आधी ऐक. फळीवरच्या बाटलीत वाईन नाही. कधीच नव्हती. चहा आहे. चहा, द्राक्षाचा रस आणि व्हिनेगर.”

मी काकांकडे बघायचं टाळलं. शेजारच्या कोणाचा तरी रेडिओ चालू होता, तो ऐकत उभी राहिले.

“माहीत आहे,” काका म्हणाले. “व्हिनेगर जास्त होतं.”

“मी मोजून घालते!” मावशी फटकन म्हणाली. स्वयंपाकात खोट काढली की ती आधी तेवढंच ऐकते. मग तिने फळीकडे बघितलं.

व्हिनेगर जास्त होतं हे कळायला बूच काढावं लागतं.

“कधी?” तिने विचारलं.

“परत आलो, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात. तू हॉटेलला बरण्या पोचवायला गेली होतीस.” काका जमिनीकडे बघून बोलत होते. “ग्लाससुद्धा नाही घेतला. तशीच तोंडाला लावली. एक मोठा घोट घेतला. मग कळलं. मग सगळी पिऊन बघितली, की खाली तरी काही असेल. तुझ्या डब्यातला चहा उकळला, थोडं व्हिनेगर टाकलं आणि भरून ठेवली. तुला कळलं नाही.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“काय बोलू? तू खोटं ठेवलंस हे सांगायचं, तर मी प्यायला गेलो होतो हेही सांगावं लागलं असतं. ते सांगायला तोंड होतं कुठे? म्हणून जे तोंड होतं, त्याने बढाया मारल्या.”

मावशी खोक्याशेजारी फरशीवर बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. तिला राग आला होता, हे तिने मला नंतर सांगितलं. सहा वर्षं आपण ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला, तो समोर बसून आपलीच गंमत बघत होता, असं तिला वाटलं. मग लक्षात आलं, की गंमत कसली, तोही तसाच टांगलेला होता.

“आज?” तिने शेवटी विचारलं. “पट्टी कोणी कापली?”

“मी. मग खुर्ची आणून इथे बसलो. दार उघडं ठेवलं, म्हणजे जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेन. तू आणखी तासाभराने आली असतीस, तर मला सांगता येत नाही. ही वाईन खरी आहे. माझा भरवसा धरू नकोस. हे इथून हलव, उचलायला मी हात लावणार नाही.”

खोकं मी आणि मावशीने खाली नेलं. काका दोन पायऱ्या सोडून मागून आले. टॅक्सीत ते पुढे बसले, आम्ही मागे, खोकं आमच्या पायांत. वाटेत मावशीने मॅनेजरला काय सांगायचं याची जुळवाजुळव केली. जागा नाही म्हणू, कपाटाला कुलूप नाही म्हणू. काका समोर रस्त्याकडे बघत होते.

मॅनेजर हसत बाहेर आला. वाईन पसंत पडली नाही का, म्हणाला. मावशीने तोंड उघडलं, पण काका मधे आले. पुढच्या टेबलांवर पाहुणे बसले होते, आणि काकांचा आवाज काही खासगी आवाज नाही.

“साहेब, हिने घरून पाठवलेल्या आलुबुखारात वाईन कधीच नव्हती. चहा असतो. खरी बाटली घरात ठेवली असती तर मी प्यायलो असतो, म्हणून हिने ठेवली नाही. फसवणूक झाली असेल तर ती माझ्यामुळे.”

मॅनेजरचं हसू जागच्या जागी राहिलं. एका टेबलावरच्या बाईने चमचा खाली ठेवला आणि बशीत बघितलं. ऐंशी बरण्यांची मागणी त्याच मिनिटाला गेली, आणि हॉटेलचं नेहमीचं कामही गेलं. ते त्याने दुसऱ्या दिवशी फोनवर सभ्यपणे सांगितलं.

बाहेर आल्यावर काका पायऱ्यांवर बसले. मावशी त्यांच्या शेजारी बसली. येणारे-जाणारे बघत होते, तिला पर्वा नव्हती. ती म्हणाली, “हे तू मला सहा वर्षांपूर्वी सांगितलं असतंस, तरी मी तुला सोडून गेले नसते.”

“मला ते माहीत नव्हतं,” काका म्हणाले.