खालच्या मजल्यावरचा वाढदिवस

२००६ साली आई माझ्याकडे आम्सटरडॅमजवळच्या डीमनला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "इथं भांडी घासायला कोण येतं गं?"

"कुणी नाही. ज्याची त्यानं घासायची."

"आणि तुझ्या साहेबाची?"

"तोच घासतो. ऑफिसलाही सायकलवर येतो, पावसात भिजत."

मी थापा मारतेय असंच तिला वाटलं. मग एका सकाळी तिला मेट्रोनं माझ्या ऑफिसच्या भागात, झुइडासला नेऊन दाखवलं. बँकांच्या काचेच्या इमारतींखाली सूटबूटवाले साहेब वाकून सायकलींना कुलपं लावत होते. आई तोंडावर हात ठेवून बघतच राहिली. खरं सांगायचं तर इतके महिने तिथं नोकरी करूनही मलाही ते नवलच वाटायचं.

गावात आमची पायरी ठरलेली होती. शहरात जात कुणी विचारत नाही असं ऐकून आई-बाबांनी गाव सोडलं आणि पुण्यात नाल्याकाठी पत्र्याची खोली केली. शहरात विचारत होते, फक्त जरा गोड बोलून. त्या शहरात आईनं लोकांची धुणीभांडी करून मला इंजिनिअर केलं. पण परक्या घरात तिला खुर्चीवर बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

म्हणून खालच्या मजल्यावरच्या डच आजींनी वाढदिवसाला आम्हा दोघींना बोलावलं, तेव्हा मी हट्टाला पेटले. काही झालं तरी आईला तिथं खुर्चीवर बसवायचंच. ती दाराशी जमिनीवर बसेल या धास्तीनं मला धड जेवणही गेलं नाही.

आजींच्या दिवाणखान्यात खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. डच लोकांचा वाढदिवस म्हणजे एक अजब प्रकार. ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन करायचंच, वर आलेल्या प्रत्येकाचंही करायचं. जो येईल तो सगळ्यांशी हात मिळवत फिरतो. एक उंचापुरे म्हातारे गृहस्थ आईसमोर थांबले, वाकले आणि त्यांनी हात पुढे केला. आईनं घाईघाईनं हात पदराला पुसला.

"माझं कशाबद्दल अभिनंदन?" ती पुटपुटली. "मी काय केलं?"

"तू आलीस ना, म्हणून," मी म्हटलं.

पण आई काही बसेना, भिंतीला लागून उभीच. आजी कॉफीची किटली घेऊन आल्या, तशी तिनं पिशवीतून रुमालात गुंडाळलेला स्टीलचा पेला काढून घाईत रुमालासकट पुढे धरला. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पुण्यातल्या घरांत तिच्यासाठी कान तुटलेला वेगळा कप असायचा. असल्या कपापेक्षा आपला पेला बरा, म्हणून ती कामाला जाताना स्वतःचाच न्यायची. इथंही न सांगता घेऊन आली होती.

आजींना वाटलं, ही भेटच! त्यांनी रुमाल सोडला, पेला उजेडात फिरवून सगळ्यांना दाखवला आणि डच रीतीनं आईच्या गालांचे तीन मुके घेतले. आई खांबासारखी ताठ. मग आजींनी आपल्या गुलाबाच्या नक्षीच्या कपात आईला कॉफी दिली आणि स्वतःसाठी त्या पेल्यात ओतली.

आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "सांग त्यांना. माझ्या तोंडचा आहे तो. रोज त्यातच पिते मी."

मी सांगितलं. न सांगणं मला जमलं नसतं. आजींनी ऐकलं, मान डोलावली आणि पेला ओठांना लावला. लगेच "आई गं" छापाचं काहीतरी डचमध्ये ओरडल्या. बोटं पोळली होती.

आणि आई हसली. आजींच्या शेजारच्या खुर्चीत सरळ जाऊन बसली.

"अहो, असा नाही धरायचा!" ती मराठीतच म्हणाली. आजींचा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि त्यांचं एकेक बोट उचलून पेल्याच्या काठाला नीट लावून दिलं.